कुणाचाही नसलेला चेहरा

दुपारी साडेबाराच्या सुमारास हर्षला बच्छावनं खोलीतला पंखा बंद केला, कारण त्याची घरघर आवाजात मिसळायची. दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. भिंतीवरची दिनदर्शिका, खिडकीतली तुळशीची कुंडी, कोपऱ्यातली कपड्यांची चळत, जे जे कुणाला ओळखू येईल ते तिनं आधीच हलवलं होतं. मग ती कॅमेऱ्यासमोर बसली. सात-आठ सेकंद पडद्यावर तीच होती : एकतीस वर्षांची, रुंद कपाळाची, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण असलेली. त्यानंतर ती गेली आणि तिच्या जागी दुसरीच बाई येऊन बसली.

ही बाई सावळी होती, डोळे थोडे खोल, हनुवटी निमुळती. हर्षलानं मान वळवली की तीही वळवायची. हर्षला हसली की तीही हसायची, पण तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. हर्षलाच्या गालाला खळी नव्हती.

या तंत्राला 'मुखांतर' म्हणत. कॅमेरा चेहऱ्यावरचे शेकडो बिंदू टिपायचा, स्नायूंची प्रत्येक हालचाल त्याच क्षणी दुसऱ्या चेहऱ्यावर चढवायचा आणि आवाजाचा पोतही बदलून टाकायचा. तो दुसरा चेहरा कुणाचा उचललेला नव्हता. लाखो चेहऱ्यांची मोजमापं शिकून यंत्रानं तो नव्यानं घडवला होता. सोबत कंपनीचा दाखला होता : हा चेहरा जगातल्या कोणत्याही व्यक्तीचा नाही, याची पडताळणी केली आहे. हर्षलानं तो दाखला तीनदा वाचला होता, आणि त्या चेहऱ्याचं नाव ठेवलं होतं चारू.

नाशिकच्या एका मोठ्या दुकानात हर्षला नऊ वर्षं साड्या नेसवून दाखवायची. मग दुकानात आरसा आला. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की तो हवी ती साडी अंगावर चापूनचोपून नेसवून दाखवायचा, निऱ्यांसकट. नेसवणाऱ्या पाचही जणींना मालकानं पेढे देऊन निरोप दिला. त्यातलीच एक नीलोफर. सहा महिन्यांनी तीच हर्षलाकडे आली आणि चहा पिता पिता, जरा अडखळत, आपण आता काय करतो ते तिनं सांगितलं.

प्रौढांसाठीच्या वर्गणीवाहिन्या तोवर रीतसर झाल्या होत्या. वर्गणी भरणाऱ्या सज्ञान माणसांनाच त्या दिसत. नीलोफरनं सगळं समजावून दिलं. वयाचा पुरावा द्यायचा, संमतीपत्र स्वतःच्या आवाजात वाचायचं, आणि आपण काय दाखवणार नाही याची यादी आधीच लिहून ठेवायची, म्हणजे कुणी गळ घातली तरी यादीकडे बोट दाखवता येतं. हर्षलाची यादी लांबलचक होती. नीलोफर हसली नाही. तिचीही तशीच होती.

पहिल्या दिवशी भीतीनं हर्षलाला ब्लाउजचा हूक काढता येईना. सवय झाली, तरी भीती गेली नाही, नुसती जागा बदलत राहिली. चेहरा झाकला होता, पण हातांचं काय? तिनं अंगठी काढली. बोलण्यातला नाशिकचा हेल लपवायला ती हळू बोलू लागली. बाजारात भाजीवाल्यानं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं तर ती मेथीची जुडी तिथंच ठेवून घरी यायची. मालेगावहून आईचा फोन आला की आधी आईच्या 'हॅलो'त राग आहे का, ते ऐकायची.

चौथ्या महिन्यात एका वर्गणीदाराचा संदेश आला. 'मॅडम, ओळखलं तुम्हाला.'

हर्षला पलंगाच्या कडेवर बसली. पुढचा संदेश यायला मिनिटभर लागलं असेल. 'मोहटोल्याच्या शाळेवर आहात ना? वनिता गेडाम. माझी भाची तुमच्याच वर्गात आहे.'

मोहटोला हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. शोधलं तर ते चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला निघालं. आधी तिला हसू आलं, मग इतकं हलकं वाटलं की तिनं उठून चहा टाकला. माणूस चुकला होता. ती वाचली होती. पुढे कितीतरी दिवस हर्षलाला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या चहाची.

तिसऱ्या दिवशी त्याच माणसानं शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो पाठवला. मागच्या रांगेत, हिरव्या साडीत, एक बाई उन्हामुळे डोळे बारीक करून उभी होती. सावळी, हनुवटी निमुळती. उजव्या गालाला खळी. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं की चारूची चित्रं आता गावात सगळ्यांच्या फोनवर आहेत.

हर्षलानं कंपनीला कळवलं. उत्तर आलं ते अत्यंत नम्र होतं. पडताळणी उपलब्ध छायाचित्रांशी केली जाते, जिचं एकही छायाचित्र इंटरनेटवर कुठंही उपलब्ध नाही अशा व्यक्तीशी साम्य निघाल्यास तो योगायोग समजावा. हर्षलाला हळूहळू उमगलं. ही वनिता गेडाम जपून राहणारी बाई असणार. तिनं आपला फोटो कुठं टाकला नव्हता, कुणाला टाकू दिला नव्हता. ती यंत्राला कुठं सापडलीच नाही, म्हणून यंत्राच्या हिशेबी ती नव्हतीच. आणि ही वाहिनी तिची नाही असं कंपनी शाळेला लिहून देईल का, या प्रश्नावर उत्तर आलं की ग्राहकाची ओळख दर्शवणारी कोणतीही माहिती देता येत नाही.

हर्षलानं वाहिनी त्याच दिवशी बंद केली. पण चित्रांच्या नकला वाऱ्यावर गेल्या होत्या. नीलोफर म्हणाली, तू काही चोरलं नाहीस, गप्प बस, आपोआप थंड होईल. हर्षला आठवडाभर गप्प बसली. मग तिनं चंद्रपूरचं तिकीट काढलं.

मोहटोल्याला एसटीतून उतरल्यावर कुणाला घर विचारायचं धाडस होईना. पण विचारावं लागलंच, आणि विचारताच पानटपरीवरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घराच्या अंगणात एक बाई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. पावलं वाजली तशी ती वळली.

हा चेहरा ती चार महिने रोज पाहत होती. राग आल्यावर त्याच्या नाकपुड्या कशा दिसतात, लाजल्यावर पापण्या कशा झुकतात, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त हा चेहरा स्वतःहून हलताना तिनं कधी पाहिला नव्हता. आणि घाबरलेला तर कधीच नाही.

"बसा जी," वनिता म्हणाली. "शिक्षण खात्याकडून आल्या का?"

हर्षलानं सगळं सांगितलं. खाली मान घालून, न थांबता. वनिता तांदळातला एक खडा दोन बोटांत सारखा फिरवत राहिली. मग सांगू लागली. पोरांचे पालक तिच्या तासाला पोरं बसू देत नव्हते. नवरा काही बोलत नव्हता, पण आठवडाभरापासून भावाकडे जाऊन राहिला होता. आणि सासरे, ज्यांना सोळा वर्षं तिच्याच हातची भाकर लागायची, ते आता शेजारून डबा मागवत होते. स्वतः तिनंही ती चित्रं पाहिली होती, एकदाच.

"मला माहीत होतं ती मी नाही," ती म्हणाली. "तरी बघताना वाटलं, झोपेत उठून मीच तर कुठं जात नसेन? रोज उठल्यावर पायाला माती लागली का ते बघते मी."

शनिवारी सकाळी शाळेत वनिताची चौकशी होती, हर्षलाही तिच्याबरोबर गेली. विस्तार अधिकारी, मुख्याध्यापक, शाळा समितीचे पाच जण, आणि खिडक्यांना लगडलेले पालक. आपण लेखी निवेदन देतो असं हर्षला म्हणाली, पण अधिकाऱ्यांनी सांगितलं की कागद कुणीही लिहू शकतं. प्रत्यक्ष दाखवाल तर नोंद करता येईल. ते बोलले सौम्यपणेच.

तिनं फोन वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडला आणि खुर्चीत बसली. सात-आठ सेकंद तिथं हर्षला होती, घामेजलेली. मग पडद्यावर वनिता आली. हर्षलाला नुसतं नाव सांगायचं होतं, पण आधी तिनं आवंढा गिळला, आणि पडद्यावरच्या वनितानं आवंढा गिळला. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तोंडावर पदर घेतला. लोक पडद्याकडे बघत, मग बाकावर बसलेल्या वनिताकडे बघत, मग पुन्हा पडद्याकडे.

वनिता उठून उभी राहिली.

"बंद करा ते. माझं तोंड मला परत द्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की सदर चित्रांतील व्यक्ती श्रीमती गेडाम नाहीत. मग पेन न उचलता त्यांनी नोंदीसाठी हर्षलाचं पूर्ण नाव, राहण्याचं ठिकाण आणि मूळ गाव विचारलं. हर्षलानं सांगितलं. खिडकीत दहा-बारा फोन तिच्याकडे रोखलेले होते. आईला हे आज कळेल की उद्या, एवढाच प्रश्न आता उरला होता.

तिला सोडायला वनिता थांब्यापर्यंत आली. गावातून चालताना लोक आता दोघींकडे बघत होते, आणि त्यातला कोण कुणाकडे बघतोय ते कळत नव्हतं. सासऱ्यांनी दुपारी घरची भाकर घेतली, असं वनितानं सांगितलं. मग जरा वेळानं म्हणाली, घेतली, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

एसटी यायला वेळ होता. हर्षलाच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. झाल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, जुना चेहरा कायमचा रद्द, त्याऐवजी एक नवा घडवून ठेवला आहे, सखोल पडताळणीसह. सात दिवसांत तो न स्वीकारल्यास दुसऱ्या ग्राहकाला देण्यात येईल. तिनं फोन वनितापुढं केला.

नवी बाई पस्तिशीची असावी. गव्हाळ, जाड वेणी, ओठाच्या कडेला बारीक तीळ. दोघींकडे बघून ती मंद हसत होती. वनितानं फोन हातात घेतला, उन्हापासून हाताचा आडोसा केला आणि बराच वेळ बघत राहिली, ओळखीचं माणूस शोधावं तसं.

"ही कोणत्या गावची असेल जी?" तिनं विचारलं.