तलावावरचा झेंडेवाला

"सायेब, आजही विमान रद्द! अन् पोट्ट्यायनं तुलारामले खांबाले बांधलं!"

सरपंच लक्ष्मणराव सायकल भिंतीला टेकवायचीही विसरले. सायकल पवनीच्या ठाण्याच्या अंगणात आडवी झाली. फौजदार मारोतराव दाढी करत होते, एका गालाला साबण तसाच होता.

"कोण तुलाराम?"

"ढिवर आहे जी, तलावात मासे धरते. तलावातलं भूत त्याचंच आहे म्हनते."

"भूत कोणाचं तरी असतं आणि त्याच्या मालकाला बांधता येतं, हे मला नवीन," मारोतराव म्हणाले. उरलेला गाल मात्र त्यांनी तसाच पुसून टाकला. मारोतराव शहापूरचे, आणि गाव चिडलं की किती वेळ हातात असतो ते त्यांना ठाऊक होतं.

जीप आसगावच्या रस्त्याला लागली. सन अठ्ठ्याहत्तरचा कार्तिक. दोन्ही बाजूंनी धान निसवलेला, पण मधेमधे तव्यावर करपल्यासारखे गोल तपकिरी चट्टे दिसत होते. तुडतुडे पडले होते. आठवडाभरात औषध पडलं नाही तर दाण्याऐवजी नुसतं पोचट हाती येणार होतं.

औषध मारायला सरकारनं एका फवारणी कंपनीचं विमान ठरवलं होतं. गावाबाहेर पडीत जमिनीवर मुरमाची पट्टी केली, तंबू ठोकला, पिवळं विमान उभं राहिलं. आणि उभंच राहिलं.

"रोज पहाटेस इंजिन सुरू होते," लक्ष्मणराव सांगत होते. "टोपी-गॉगल घालून पायलट बसते. इकडं आमचे झेंडेवाले वावरात जाऊन राह्यले, का तलावात तो दिसते. पोट्टे झेंडे फेकून पळते. झेंडेवाला नाही त विमान नाही."

ते खरं होतं. वरून पायलटला कुठला बांध कोणाचा ते कळत नाही. शेताच्या दोन्ही टोकांना माणूस झेंडा घेऊन उभा राहतो. विमान डोक्यावरून गेलं की थोडा सरकतो, म्हणजे पुढचा पट्टा. त्या झेंड्याच्या भरवशावर विमान झाडाच्या शेंड्याइतकं खाली येतं.

"झेंडेवाले कोणी द्यायचे?"

"गावानं. करारातच आहे. आमी माणसं नाही देली, तर विमान नाही उडलं हा दोष आमचा."

"आणि कंपनीनं पायलट नाही दिला तर?"

"तर ठेकाच जाते त्यायचा. पन पायलट आहे ना जी! रोज बसते ना!"

मारोतरावांनी विषय बदलला. "आणि तलावात कोण दिसतो?"

लक्ष्मणरावांचा आवाज उतरला. "बुधराम. तुलारामचा मोठा भाऊ. दोन वर्सामागं दुसऱ्या कंपनीचं विमान आलतं. बुधराम तलावाच्या टोकाले झेंडा घेऊन उभा होता. वारा फिरला. औषध साऱ्या अंगावर पडलं, तरी जागा नाही सोडली पठ्ठ्यानं. दिवस मावळायच्या आत गेला."

जीप गावाबाहेरच्या पट्टीशी येऊन थांबली.

पट्टीवर पन्नासेक माणसं जमली होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ज्या खांबावर लोंबत होती, त्यालाच तुलाराम बांधलेला होता. ओठ फुटलेला.

"सोडा त्याला."

"सायेब, यानंच भूत उभं केलं!" एक जण ओरडला. "औषधानं तलावातले मासे मरते म्हणून बोंबलत होता. आता आमचा धान मरून राह्यला. आज ढिवरटोलीकडून तलावच काढून घेतो आमी."

म्हणजे एका बाजूला धान आणि दुसऱ्या बाजूला तलाव. तराजू तयार होता. पारड्यात टाकायला फक्त एक माणूस हवा होता.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मारोतराव म्हणाले. "तोवर भूत सापडलं नाही तर मलाच बांधा. खांब आहेच."

कंपनीचा मॅनेजर बाबुलाल पुढे आला. नागपूरचा, टेरिलिनचा शर्ट, जिभेवर खडीसाखर.

"काय सांगू साहेब! आमच्याकडून काही कमी नाही. रोज औषध कालवतो, विमान भरून उभं. पण गावची माणसंच उभी नाही राहत, तर मी काय करू?"

"पायलट कुठे आहेत?"

"वैतागून आत्ताच मोटारीनं नागपूरला गेले. उद्या येतात."

मारोतराव विमानाभोवती फिरले. सील लावलेली औषधाची पिंपं ओळीनं उभी होती. शेजारी औषध कालवायची पत्र्याची टाकी, नवीकोरी, अर्धी पाण्यानं भरलेली. टाकीच्या गळक्या तोटीखाली डबकं साचलं होतं आणि एक कोंबडी पिलांना घेऊन त्यात चोची बुडवत होती. पाणी पिऊन मान वर करायची, पुन्हा पाणी.

"कोंबडी कंपनीची का?"

बाबुलाल हसला. "गावातली आहे साहेब. रोजच येते."

पलीकडे मेकॅनिक घनश्याम पान्यानं काहीतरी आवळत होता. मारोतरावांनी त्याला विडी दिली.

"कालवलेलं औषध उडालं नाही तर दुसऱ्या दिवशी चालतं का रे?"

"नाही साहेब. ओतून द्यावं लागते. फार जहाल असते, जिथं ओतलं तिथं गवत पिवळं पडते." आणि मग, आपण जरा जास्तच बोललो असं वाटून, तो पान्याकडे वळला.

मारोतरावांनी खाली पाहिलं. गवत हिरवंगार होतं.

तिथून ते तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गेले. तुलाराम आणि सरपंच मागोमाग. पाणी काळपट, स्थिर. पलीकडच्या काठाला गोंदाड गवताची दाट रांग, तिच्यामागून जीपरस्ता.

"तुझा डोंगा कुठाय?"

"हा काय जी." पारीवर डोंगा पालथा पडला होता. डांबर लावलेलं, खालून जमिनीपर्यंत कोळ्याचं जाळं धरलेलं. "डांबर लावलं तवापासून पान्यात नाही घातला."

"तुला दिसला का भाऊ?"

"मले कायले दिसन? जित्तेपनीच आमचं बोलनं नव्हतं."

लक्ष्मणरावांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

झेंडेवाल्यांपैकी सुखराम पारीवरच उभा होता. पाण्याकडे पाठ करून.

"तू काय पाहिलंस?"

"धुई होती सायेब. तलावाच्या मधात उभा. पायाखाली नुसतं पानी. तोंड नाही. हातात नारिंगी झेंडा."

"हलला का?"

"नाही. नुसता उभा. जसा मेला तसाच."

"कुठून पाहिलंस?"

"त्या गवतापासून. मॅनेजर जीपनं आमाले तिथं नेऊन सोडते ना. गाडी थांबली का दिसते."

"रोज तिथेच थांबते गाडी?"

"हव. तिथंच."

पारीच्या खाली पहिलंच घर बुधरामचं. त्याची बायको सखाबाई दारात जाळं सांधत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"पहिल्यांदा तुम्हीच पाहिलं म्हणतात."

"हव."

"झेंडा कसा होता?"

"पांढरा."

"नारिंगी, सखाबाई!" लक्ष्मणराव म्हणाले. "साऱ्यायनं पाह्यला."

"साऱ्यायनं मागून पाह्यला. मी पैले पाह्यला. पांढरा होता."

"त्यांचा झेंडा घरात आहे का?"

आता तिनं मान वर केली. "नाही जी. त्याच्यासंगंच जाळला. आमच्यात माणसाचं हत्यार त्याच्या हातात देते. जाळं पायाशी, झेंडा हातात."

धुक्यात रंग नीट दिसत नाही, असा विचार करून मारोतराव उठले. पण तो विचार त्यांच्या मनात नीट बसला नाही. पावलात काटा राहावा तसा राहिला.

"तुलाराम, ओढायचं मोठं जाळं काढा," ते म्हणाले. "त्या गवताच्या कडेनं ओढा. मासे नकोत मला."

ऊन कलायच्या आत सगळं गाव पट्टीवर जमलं. ढिवरटोलीची माणसं एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या बाजूला, मधे कोणी न आखलेली रेघ. मारोतरावांनी लोटा मागितला, टाकीतून भरला आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला.

"सायेब!" लक्ष्मणराव धावले.

मारोतरावांनी अर्धा लोटा रिकामा केला. मिशा पुसल्या.

"मॅनेजर म्हणतात, या टाकीत रोज औषध कालवतात. मग आता मी मरायला हवं. कोंबडी तर केव्हाच मरायला हवी होती. तिच्यावर विश्वास ठेवला म्हणून प्यालो. माणसांत तेवढा विश्वासू साक्षीदार आज मिळाला नाही."

बाबुलालच्या जिभेवरची खडीसाखर विरघळली.

"पिंपांची सीलं शाबूत. गवत हिरवं. इथं औषध कधी कालवलंच नाही. कालवलेलं औषध फेकावं लागतं, म्हणून ज्याला विमान उडवायचं आहे तोच ते कालवतो. आता मला सांगा, भूत दिसतं धुक्यात, झेंडेवाले पळतात त्यानंतर. मग विमान उडणार नाही हे त्याच्या आधी कोणाला ठाऊक होतं?"

मारोतरावांनी लोटा खाली ठेवला.

"औषध न कालवणाऱ्याला. भूत त्याच्या वेळापत्रकानं यायचं."

"पन पायलट तर रोज बसत होता!" सुखराम म्हणाला.

"तू जवळून पाहिलास?"

"नाही. पेट्रोल आहे म्हणून जवळ नाही जाऊ देत."

"टोपी आणि गॉगल पाहिलास. आत घनश्याम होता. इंजिन सुरू करायला मेकॅनिक पुरतो, उडवायला पुरत नाही. होय ना घनश्याम?"

घनश्यामनं पाना खाली ठेवला. मान हलवली.

"आणि भूत?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

मारोतरावांनी हात वर केला. तुलाराम आणि चार माणसं ओलं जाळं ओढत आली. जाळ्यात पेट्रोलचं एक रिकामं पिंप होतं. तरंगेल पण वर दिसणार नाही असं दगड बांधून बेतलेलं. त्यावर उभा बांबू, बांबूवर कंपनीचा रेनकोट, आणि आडव्या काठीला नारिंगी झेंडा. पिंपाला लांब दोर. त्याचं दुसरं टोक जीपरस्त्याच्या खुंट्याला बांधलेलं सापडलं होतं.

"पहाटे पिंप ढकलून दोर सैल सोडायचा, ते मधे जायचं. जीप नेमकी त्या जागी थांबवायची. ऊन वर आलं की ओढून गवतात दडवायचं. मधल्या वेळात तिकडं जायची कोणाची छाती होत नव्हती. पण एक चूक झाली." मारोतरावांनी झेंडा उचलला. "सरपंचांना विचारलं मी, हे नारिंगी झेंडे यंदाच आले. बुधराम पांढऱ्या झेंड्यानं गेला. दोन वर्षं मेलेला माणूस यंदाचा नवा झेंडा कुठून आणील? तो कंपनीच्या तंबूतूनच येणार."

बाबुलाल जवळच्या पिंपावर टेकला.

"चोर नाही साहेब मी," तो म्हणाला. "कंपनीकडे विमानं तीन. दोन पायलट आखातात गेले. उरला एक, तो तीन जिल्ह्यांत फिरून राहिला. नागपूर म्हणते आज पाठवतो, उद्या पाठवतो. पायलट नाही असं मी बोललो की ठेका गेला, माझी नोकरी गेली. गावानं अडवलं असं झालं तर दोन्ही वाचत होतं. चार दिवसांचाच प्रश्न होता."

"आणि तुलाराम?"

"त्याला बांधतील असं मला वाटलं नव्हतं."

"वाटायला पाहिजे होतं. भुताचा बाप कोण, हे गाव शोधणारच होतं."

सकाळी ओरडणारा पोरगा तुलारामसमोर येऊन उभा राहिला. तुलारामनं आपलं जाळं त्याच्या खांद्यावर टाकलं. "पारीवर नेऊन वाळू घाल. तेवढं कर." तलावाचं बोलणं तिथेच मिटलं.

त्या संध्याकाळी मारोतरावांनी ट्रंक कॉल लावून कंपनीला चार शब्द ऐकवले. मग बाबुलालला घेऊन जीप निघाली. तलाव मागे पडताना तो म्हणाला, "साहेब, एक सांगू? पहिल्या दिवशीचं माझं नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी काहीच ठेवलं नव्हतं. बाईनं पाहिलं म्हणून गावात बोंब झाली. ते ऐकूनच तर मला सुचलं."

मारोतरावांनी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितलं नाही. पण मान मात्र वळली. पाण्यावर काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पायलट आला. खराखुरा, डोळे तांबारलेले, आदल्या जिल्ह्याचं औषध शर्टावर. बराच धान वाचण्यासारखा होता. तलावाच्या कडेचा पट्टा सोडायचा, एवढी तुलारामची अट सगळ्यांनी मान्य केली. झेंडेवाले उभे राहिले. फक्त तलावाकडचं टोक रिकामं होतं. तिथं जायला अजून कोणी तयार नव्हतं.

"माझ्याकडे द्या," मारोतराव म्हणाले. त्यांनी झेंडा घेतला.

पारीवर सखाबाई उभी होती. त्यांना येताना पाहून तिनं हात आडवा केला.

"तिकडं नका जाऊ जी. त्या टोकाले माणूस आहे."

इंजिनाचा आवाज वाढला. विमान धुक्यातून खाली आलं, धानाच्या शेंड्यांवर पांढरा पट्टा सोडत सरळ तलावाकडे आलं. आणि जिथं कोणीच उभं नव्हतं, नेमक्या त्या टोकाशी औषध बंद करून वळलं.

मारोतरावांच्या हातातला झेंडा गुंडाळलेलाच होता.