रिकाम्या पोटी घेतलेली गोळी

फोन डॉक्टर केतकरांचाच होता.

"धोंडीराम, असशील तसा ये. सुंदरम्मा गेली. आणि हे मरण सरळ नाही."

फौजदार धोंडीराम गुंड टोपी चढवत निघाला. आडनाव गुंड आणि नोकरी पोलिसात, म्हणून अख्खं सोलापूर त्याची थट्टा करी आणि तोही हसण्यावारी नेई. डॉक्टरांबद्दल मात्र कुणी वेडंवाकडं बोललेलं त्याला खपत नसे. त्याच्या आईला, बजाबाईला, टायफॉइडमधून याच माणसानं ओढून काढलं होतं. तेव्हापासून दोघांची मैत्री होती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षातला उन्हाळा होता. दवाखान्यात खाटेवर सुंदरम्मा निपचित पडली होती. ओठाच्या कडेला रक्त वाळलं होतं. कपाळावरचे विभूतीचे पट्टे अजून तसेच होते.

"काय झालं?" धोंडीरामनं विचारलं.

"सांधेदुखीसाठी मी तिला नव्या गोळ्या देत होतो. रोज एक. सुनेनं आज सगळी बाटली एकदम दिली."

"कशावरून?"

"मरताना म्हातारीनंच सांगितलं. पहाटे अंधारात उठवलं, तोंडही धुवू दिलं नाही, चहाबरोबर मूठभर गोळ्या गिळायला लावल्या. रिकाम्या पोटी एवढ्या गोळ्या! पोटात रक्तस्राव होणारच."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी एकटाच."

बाहेर सुंदरम्माचा मुलगा कल्लप्पा भिंतीला टेकून रडत होता. साखर पेठेत त्याचं पेंडीचं दुकान होतं.

"तुझी बायको असं करील?"

"सासू-सुनेचं रोजचं भांडाण हाय, सायेब. आन् डाक्टर खोटं कशाला बोलतील?"

खरंच, कशाला बोलतील? धोंडीरामलाही तसंच वाटलं. घराची झडती झाली. सुनेच्या ट्रंकेमागं रिकामी बाटली सापडली. सुनेला, जगदेवीला, चौकीवर आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं होतं, आणि एकदा तिथं उभी राहिली की पेठेत तिला खुनी म्हणूनच ओळखणार होते.

"बाटली रिकामी कशी झाली?"

"ठावं न्हाय. सकाळी अर्धी भरलेली व्हती."

"सासूला गोळी कधी दिलीस?"

"आत्तींची पूजा झाली, दूध-भाकरी झाली, मग एकच दिली. दुपारी रक्ताची उलटी झाली. डाक्टर घरी आले. मला म्हणाले, गरम पाणी आण. मी चुलीपाशी गेले."

"तोवर सासूजवळ कोण?"

"डाक्टरच की. मग त्यांनीच दवाखान्यात हलवलं."

"भांडत होतीस ना सासूशी?"

"भांडत व्हते. त्यांचे पायबी रोज मीच चोळत व्हते." तिनं पदर तोंडाशी नेला. "सायेब, माझ्या मालकानं एकदाबी मला इचारलं न्हाय, तू असं केलंस का म्हणून."

त्या उत्तरानं धोंडीराम अस्वस्थ झाला. गुन्हेगार बाई आधी आपली सुटका बघते. ही नवऱ्यानं दिलेलं दुःख सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टरांच्या घरी गेला. वहिनींनी हौसेनं चहा दिला. समोरच्या भिंतीवर नवा फोटो होता. पुणे रस्त्यावरच्या औषध कारखान्याचं भूमिपूजन. डॉक्टर सोवळं नेसून पाटावर, शेजारच्या पाटावर वहिनी. त्यांच्या शालूच्या पदराची आणि डॉक्टरांच्या उपरण्याची गाठ बांधलेली.

"सुंदरम्माच्या गोळ्या या कारखान्याच्या का?"

"हो. मुंबईची मंडळी आहेत, सध्या गोळ्या तिकडूनच येतात. औषध बाजारात यायचंय. पेशंटांना कितपत गुण येतो, ते पाहून मी कळवायचं, एवढंच."

"पेशंटांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं? फुकट औषध मिळतंय, खूश आहेत."

"आणि तुमचा त्यात काही?"

"माझा काय संबंध? भूमिपूजनाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं."

धोंडीरामनं कप खाली ठेवला. चहा अर्धाच झाला होता.

तिथून तो थेट साखर पेठेत गेला. सुंदरम्माच्या शेजारी काशम्मा राहायची. गुडघ्यांनी बेजार, तोंडानं तिखट.

"काशम्मा, काल सकाळी सुंदरम्माला पाहिलंत?"

"व्हय की. मी बेल द्यायला गेले तवा आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली व्हती. ऊन चांगलं वर आलं व्हतं. चूल अजून पेटली न्हवती."

"त्याआधी चहा घेतला असेल?"

काशम्मा त्याच्याकडं बघतच राहिली. "लिंगपूजेआधी? अय्यो शिवा! तापानं फणफणली तरी पूजेआधी पाण्याचा थेंब घेत न्हवती ती. लगीन झाल्यापासनं बघते मी तिला."

"तुम्हालाही डॉक्टर त्याच गोळ्या देतात?"

"देत व्हते. मला काळी उलटी झाली, तवा बंद केल्या. म्हणाले, कुणाला बोलू नका, दुसऱ्यांना उगीच भ्या वाटंल."

दुपारी धोंडीरामनं डॉक्टरांना चौकीवर बोलावलं. कल्लप्पा होता, काशम्मा होती, जगदेवीला बाहेर बसवलं होतं. अक्कलकोटहून तिचे वडील शरणप्पा आले होते.

"डॉक्टर, सुंदरम्मा मरताना काय म्हणाली, ते पुन्हा सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. पहाट, अंधार, न धुतलेलं तोंड, चहा.

"हे ती म्हणालीच नाही," धोंडीराम म्हणाला. "पूजेआधी ती पाणीही पीत नसे. काल उन्हं वर आली तेव्हा ती पूजेला बसली होती आणि चूल थंड होती. मग चहा कुठला? तुम्हाला रिकामं पोट हवं होतं, त्याशिवाय रक्तस्रावाचा दोष सुनेवर जात नव्हता. इतकी वर्षं या पेठेत नाड्या पाहिल्यात, पण पेशंट सकाळी उठून काय करतो, हे कधी कुणाला विचारलं नाहीत."

"धोंडीराम, अडाणी बायकांच्या बोलण्यावर—"

"बाटलीतल्या गोळ्या म्हातारीच्या पोटात गेल्या नाहीत, तुमच्या बॅगेत गेल्या. औषध कुणी तपासू नये म्हणून. सून पाण्याला गेली तेव्हा रिकामी बाटली तुम्ही तिच्या ट्रंकेमागं टाकलीत. सुंदरम्मा रोजच्या एकेका गोळीनंच गेली, डॉक्टर. काशम्माही जात होती. ते कळूनसुद्धा तुम्ही सुंदरम्माला गोळ्या देत राहिलात."

"मी कशाला असं करीन?"

"पाहुण्याला कुणी पाटावर बसवत नाही. पदराची गाठ बांधून जोडीनं बसतो तो यजमान, म्हणजे मालक. कारखाना तुमचाही आहे. तराजू तुमच्या हातात आणि मालही तुमचाच. अशा दुकानदाराकडून आम्ही ज्वारीसुद्धा घेत नाही!"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"औषध चांगलं आहे रे. पुष्कळांचे गुडघे बरे झाले. एखाद्या मरणापायी सगळं बुडालं असतं. आणि त्या दोघी रोज भांडायच्याच... लोकांना पटलं असतं."

"मलाही पटलंच होतं," धोंडीराम म्हणाला. याच माणसाच्या पायावर आपण आईला डोकं ठेवायला लावलं होतं, हे आठवून त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं हवालदाराला खूण केली. डॉक्टर जाताना त्याच्याकडं पाहत होते. त्यानं मान वर केली नाही.

मग तो बाहेर आला. "जगदेवी, तू सुटलीस. जा घरी."

कल्लप्पा हात जोडून पुढं झाला. "चल. झालं गेलं इसरून जा. डाक्टरनं फसवलं आपल्याला."

"तुमाला फसवलं," जगदेवी म्हणाली. "त्यो परका माणूस. तुमी तर माझ्या हातचं जेवत व्हता."

कल्लप्पानं धोंडीरामकडं पाहिलं. "सायेब, तुमी तरी सांगा की तिला."

"कुठल्या तोंडानं सांगू?" धोंडीराम म्हणाला.

जगदेवीनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि शरणप्पांच्या मागोमाग एस.टी. स्टँडकडं चालू लागली. कल्लप्पा वळणापर्यंत तिच्या मागं गेला. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.