इलारिएची छाती

स्मारांदा माझी सख्खी मावशी. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही, आणि खोटं ती बोलत नाही. म्हणूनच हे सांगतोय.

रोमानियातलं आमचं खाणीचं गाव. त्र्याऐंशीचा जानेवारी, भर दुपार, बाहेर बर्फ.

मावशी दवाखान्यात एक्स-रे काढायची. वाचायचे डॉक्टर कोर्नेल व्लाइकू. खाणमजुरांच्या छातीत दगडाची धूळ साचते, फुप्फुसं आतून कडक होत जातात. फिल्मवर ते पांढरं दिसतं.

व्लाइकूंनाही दिसायचं. पण खाणीच्या वरिष्ठांचा दबाव होता. ते लिहायचे, छाती निरोगी, कामावर पाठवा.

इलारिए मुंत्यान नावाचा मजूर असाच पुन्हा पुन्हा खाणीत गेला. शेवटी घरी खुर्चीत बसल्या बसल्या गुदमरून मेला.

त्याला पुरून आठवडाही झाला नव्हता...

त्या दुपारी मावशीने एका तरुण मजुराची नुकतीच धुतलेली ओली फिल्म दिव्यावर लावली.

वरच्या भागात पांढऱ्या गाठी. मधे अंड्याच्या टरफलासारख्या गोल कडा. आणि डावीकडे... मोडून वाकडी जुळलेली एक बरगडी.

ती बरगडी मावशीने कितीदा तरी पाहिली होती.

"डॉक्टर, ही इलारिएची छाती आहे."

"जुनी फिल्म घातलीत बाई. चष्मा बदला आता."

तिने फिल्मचं नवं पाकीट फोडलं. पुन्हा काढली.

तीच बरगडी.

मग एका शिक्षिकेची काढली. ती जन्मात खाणीत उतरली नव्हती.

तीच बरगडी... आणि पांढरं आता खालपर्यंत पसरलेलं.

डॉक्टरांचं हसू मावळलं. मशीन बिघडलंय म्हणत त्यांनी शर्ट काढला आणि स्वतःच मशीनच्या पाटीला छाती टेकून उभे राहिले. माझी काढा, म्हणाले.

मावशी आडोशामागे गेली. ती काही बोलणार, तेवढ्यात...

"श्वास घ्या, डॉक्टरसाहेब."

घोगरा, धापा टाकणारा आवाज. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी श्वास घेतला.

"आता धरून ठेवा."

त्यांनी धरला.

मावशी वाट पाहत राहिली. पुढचा शब्द आलाच नाही.

डॉक्टरांचे ओठ निळे पडले. मूठ पाटीवर आपटू लागली. मावशी धावली, सोडा, श्वास सोडा, म्हणून त्यांना गदागदा हलवलं. छाती फुगलेली ती फुगलेलीच. ते तसेच कोसळले.

शवविच्छेदनाला शहरातून डॉक्टर आला होता. फुप्फुसांत सुरी घातली तेव्हा ती दगडावर घासल्यासारखी करकरली, असं तो म्हणाला. मग हात धुता धुता त्याने मावशीला सहज विचारलं,

"किती वर्षं खाणीत होता हा माणूस?"

व्लाइकू खाणीत कधी उतरलेच नव्हते.

मावशी आता थकलीय. पण स्वतःच्या छातीचा एक्स-रे ती आजही काढू देत नाही.