लाल टोपीची सिरिंज

पूजेची सुट्टी संपून कोलकाता जांभया देत कामाला लागलं, आणि पहिल्याच संध्याकाळी खाजगी गुप्तहेर कालिंदी बापटांना एस्प्लनेडची कचेरी लवकर बंद करावी लागली. ओळखीच्या सबनिसांची नूपुर फोनवर रडत होती. कालिंदीबाई तिच्या घरी गेल्या, सोबत त्यांचे दीर अरुण. अरुणभावजींना गुन्हेगार नेहमी लगेच सापडे. तो चुकीचा असे, एवढंच.

"इन्शुलिन भरायची प्रात्यक्षिक परीक्षा होती," नर्सिंग शिकणारी नूपुर म्हणाली. "वीस युनिट द्यायचे. औषध चाळीसवालं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये चाळीस युनिट. उत्तर अर्धा मिलिलीटर. कागदावर बरोबर लिहिलं, लाल टोपीची सिरिंज विसाच्या रेघेपर्यंत भरली. मॅडमनी मोजलं तर निम्म्याहून कमी."

"लाल टोपीचीच का?"

"चाळीसच्या औषधाला लाल, शंभरच्याला केशरी. माझ्या सिरिंजच्या डब्यात दोन्ही असतात." तिनं डोळे पुसले. "उद्या फेरपरीक्षा. पुन्हा चुकले तर वॉर्डात सोडणार नाहीत, अख्खं वर्ष जाईल. आणि हे वर्गातल्या मृणालनंच केलंय. जेवणाच्या सुट्टीत डबा तिच्यापाशी होता."

कालिंदीबाईंनी सिरिंज उजेडात धरली आणि नळीवरचे बारीक आकडे वाचले. बुडाशी एक लाल ठिपका होता, त्याला पिवळसर कडा होती.

"रक्त," भावजी म्हणाले.

"या परीक्षेत पाणी भरतात, भावजी. कुणाला टोचत नाहीत."

वरच्या मजल्यावरून मृणाल कुंडूला बोलावलं. तिची नखं अजून लाल होती.

"विसर्जन के दिन सिंदूर खेला था, आंटी," ती म्हणाली. "डिब्बा मैंने खोला भी नहीं." नूपुरनं तोंड फिरवलं तशी बिचारीचा चेहरा पडला.

"वहिनी, रंगेहाथ," भावजी पुटपुटले.

नूपुरची आई सुलभा चहा घेऊन आल्या. त्यांनी डब्याला हात लावला होता का, असं कालिंदीबाईंनी विचारलं. "डब्याला? छे बाई. तिच्या अभ्यासाच्या वस्तूंना मी कधी हात लावत नाही."

"पूजेच्या सुट्टीत डबा कुठे होता?"

"घरीच," नूपुर म्हणाली. "मी बराकपूरला मावशीकडे गेले होते."

कालिंदीबाईंनी कप उचलला. टेबलावर नूपुरच्या वडिलांचा लॅपटॉप होता. त्याच्या बिजागरीत झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी विळी उभी होती आणि तिच्या पात्यावर हळदकुंकवाचं बोट होतं.

"मृणाल निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "सिंदूर नुसता लाल असतो. या ठिपक्याला हळदीची कड आहे. या घरात कशाकशाची पूजा झालीय बघा. सबनीससाहेबांचा लॅपटॉप, सुलभाताईंची विळी. परवा खंडेनवमी झाली. ज्याचं जे शस्त्र, ते पुजायचं. मग लेकीचं शस्त्र कोणतं?"

सुलभाताईंनी पदर सावरला. "पूजेला मांडणं म्हणजे काय हात लावणं झालं?"

"मांडलंत कसं?"

"टोप्या काढून. झाकलेल्या शस्त्राला हळदकुंकू वाहतात का कोणी? मग पुसून, टोप्या लावून जिथल्या तिथे ठेवलं."

"टोप्या तेवढ्या एकमेकींच्या लागल्या. लाल टोपीखाली शंभरची सिरिंज आली. तिच्यावरची विसाची रेघ म्हणजे अर्ध्याऐवजी मिलिलीटरचा पाचवा भाग. नूपुर, गणित तुझं बरोबर होतं. नळीवर शंभर लिहिलंय, ते वाचलं नाहीस."

नूपुर मृणालकडे वळून म्हणाली, "सॉरी. बहुत बुरा लगा होगा ना?"

"लगा," मृणाल म्हणाली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

कालिंदीबाईंनी दोन्ही टोप्या काढून पर्समध्ये टाकल्या. "आता भर." नूपुरनं नळी वाचली, चाळीसची निवडली आणि वीस युनिट भरले. मृणालनं मोजलं. बरोबर अर्धा मिलिलीटर.

"उद्या जाताना निदान एक बोट कुंकू," सुलभाताई म्हणाल्या.

"तिच्या कपाळाला लावा. सिरिंजला नको."

दुसऱ्या दिवशी दोघी मैत्रिणी कचेरीत आल्या. नूपुर पास झाली होती. तिनं मिठाईवाल्याचा खोका पुढे केला, झाकणावर संदेश या बंगाली मिठाईचं ठसठशीत चित्र. सकाळपासून उपाशी असलेल्या भावजींनी मोठ्या आशेनं तो उघडला.

आत सुलभाताईंच्या मेथीच्या वड्या होत्या.

"झाकणावर जायचं नाही, भावजी," कालिंदीबाई म्हणाल्या आणि एक वडी उचलली.