भिंतीकडे तोंड केलेलं सैन्य

साईनाथच्या डोंबिवलीतल्या घरात काचेचं कपाट बसेल अशी एकच भिंत होती, आईच्या खोलीतली. म्हणून वसईच्या मोहिमेतलं त्याचं मराठी सैन्य तिथे उभं राहिलं. अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे सैनिक, बंदूकवाले, भालाईत, घोडेस्वार आणि काही तोफा. बारीक ब्रशने एकेकाच्या पागोट्याचा पीळ तो रंगवायचा. एखाद्या रविवारी ठाण्याहून त्याचा मित्र लिओनेल आपले पोर्तुगीज सैनिक घेऊन आला, की जेवणाच्या टेबलावर फासे टाकून दोघं ठाण्याचा किल्ला लढवायचे. साईनाथची आई, प्रमोदिनीबाई, या खेळाला ‘तुमची भातुकली’ म्हणायची.

एका सकाळी सैन्याची पहिली रांग पाठमोरी दिसली. कपाटाला मागे फळी नव्हती, थेट भिंतच होती. सैनिक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“आई, तू फिरवलेस का हे?”

“मी बाहेरून फडकं मारते फक्त. किल्ली तुझ्याकडे असते.”

त्याने रांग सरळ केली. दुसऱ्या दिवशी सगळं सैन्य भिंतीकडे वळलेलं होतं आणि दोन भालाईत आडवे पडले होते. एकाची मान तुटलेली. दुसऱ्याच्या छातीवरचा रंग खरवडून आतला धातू उघडा पडलेला.

साईनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. कारण शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ट्रकचे हादरे असतील, ओल असेल. त्याने सैनिकांचे तळ सुपरग्लूने फळीला चिकटवले. खाली जाऊन कंपाउंडमधून भिंत पाहिली. तिसरा मजला, कोरं प्लास्टर, एक पाइप. बाकी नुसती हवा.

तरी रांगा मागे सरकत राहिल्या. भिंत आणि सैन्य यांच्यामध्ये मोकळी जागा वाढत चालली, आणि त्या जागेत ओला काळा चिखल दिसू लागला. त्याला ओहोटीच्या खाडीचा वास होता.

“रात्री कोणीतरी खरवडतं रे,” आई म्हणाली. “भिंतीच्या आतून.”

“तू हॉलमध्ये झोप ना.”

“मला माझ्या पलंगाशिवाय झोप येत नाही.”

कपाट हलवायचा विचार त्याच्या मनात आला. पण मग त्या भिंतीपुढे कोण उभं राहणार, असंही त्याला वाटलं. तो लिओनेलच्या ओळखीच्या दुकानातून नवे सैनिक मागवू लागला, आणि कामावरून आला की त्यांची जुळणी करू लागला. पागोटी, अंगरखे रंगवणं सोडून दिलं. हातात हत्यार असलं की पुरे.

“अरे, एवढी माणसं कशाला मागवतोयस?” लिओनेलने फोनवर विचारलं.

साईनाथने सगळं सांगितलं. लिओनेल हसला नाही. संध्याकाळी खोका घेऊन आला आणि कपाटाच्या काचेला नाक लावून आतला चिखल पाहू लागला.

“काकू इथेच झोपतात?”

“ऐकतच नाही.”

लिओनेलने खोका उघडला. आपले पोर्तुगीज एकेक करून मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे केले. तोंडं भिंतीकडे.

“तोफा मधे घे,” तो म्हणाला.

त्या रात्री तो हॉलमध्येच झोपला.

सकाळी दोघं आत आले. एकही सैनिक पडला नव्हता. चिखल सुकून भेगाळला होता. आई पलंगावर बसून केस विंचरत होती.

“खरवडणं थांबलं बघ,” ती म्हणाली. “किती दिवसांनी गाढ झोपले.”

लिओनेलने सुस्कारा सोडला. “जिंकलो रे.”

साईनाथ कपाटाकडे बघत होता. सैन्याने भिंतीकडे पाठ केली होती. सगळ्या बंदुका खोलीत रोखलेल्या होत्या, पलंगाच्या दिशेने.

“चहा टाकते,” म्हणत आई उठली आणि दोघांच्या मधून स्वयंपाकघरात गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत साईनाथ तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच मान वळवली.

मराठे आणि पोर्तुगीज, सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले होते.