विमलताईंच्या जेलची परीक्षा

“नयन! चाल लवकर! आमच्या बाईच्या तोंडाले पाह्य काय झालं!”

प्रेमने तांड्यावरून फुलसावंगीपर्यंत सायकल अशी हाणली होती, की ब्रेक लावल्यावर तो नयनच्या अंगणातल्या रिकाम्या पोत्यांवरच जाऊन पडला! नयनचा चुलतभाऊ अमर खो खो हसला. पण प्रेमचा चेहरा बघून गप्प झाला.

बाई म्हणजे प्रेमची मोठी बहीण जमनी. तिचं लग्न बारा दिवसांवर आलेलं, आणि गालांवर, हनुवटीवर पिवळ्या तोंडाचे फोड!

“आई म्हणते उन्हानं झालं,” प्रेम म्हणाला. “पण ऊन तं माह्याही तोंडाले लागते! मले काहून नाही आले?”

“तुह्या तोंडावर जागा कुठी हाय? सगळी धूळच हाय!”

“अमर, चूप!” नयन म्हणाली. “शेजारच्या दिपालीलेही परवा असेच फोड आले. दोघी तोंडाले काय लावतात?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोरफडीचं जेल! विमलताईंचं! म्हणजे नयनच्या आईचं!

आईने दोन महिन्यांपूर्वी हा धंदा सुरू केला होता. यवतमाळहून तयार जेलचा टब आणायचा आणि छोट्या डब्यांत भरून विकायचं. रविवारी चाळीस डब्या महागावला कोकिळाताईंच्या ब्युटी पार्लरला जायच्या होत्या. आईची पहिली मोठी ऑर्डर! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती पलंगावरच्या डब्या दाखवत होती.

पण मागच्या महिन्यात तो टब कसा ‘वाढवला’, हे नयनला माहीत होतं. शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून आपण आणखी चार आंघोळी करतो ना? अगदी तसंच! आईने टबात ताज्या कोरफडीचा गर घातला, वर पाणी घातलं, आणि एका टबाचे दोन टब झाले. त्यातूनच या सगळ्या डब्या भरल्या होत्या. गडव्याने पाणी ओतणारी होती स्वतः नयन!

“आई,” तिने भीत भीत विचारलं, “पाणी घातल्यानं जेल खराब झालं असंल का?”

“काय खराब होते? उलट केमिकल कमी झालं! बायका केमिकललेच भेतात. सुट्ट्या हायेत म्हणून माह्या मालाले नावं ठेवत बसू नको!”

तिघं बाहेर निंबाखाली जाऊन बसले. अमरने घरातून आणलेल्या नव्या, न उघडलेल्या टबावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. “हे पाहा! जेल टिकावं म्हणून यात मापानं औषध टाकलेलं हाय. हेच ते केमिकल!”

“मंग ते कमी झालं तं बरंच ना?” प्रेमने विचारलं.

नयनने उलट प्रश्न केला. “लोणच्यात मीठ निम्मंच टाकलं, अन् वरून ओला चमचा बुडवला तं?”

“बुरशी!” दोघं एकदम ओरडले.

“तसंच झालं! औषध एका टबाच्या मापाचं होतं. आपण दोन टब केले, ते निम्मंच राह्यलं. अन् जंतूंले वरून कोरफडीचं जेवण वाढलं!”

“अन् त्यात आपल्याकडचा मे महिना!” प्रेम म्हणाला. “जंतूंची तं जत्राच भरली असंल!”

“पण हा झाला अंदाज,” अमर म्हणाला. “काकू पुरावा मागन.”

मग पुरावा तयार करायचा! त्यांनी तीन स्टीलचे डबे आणि तीन चमचे उकळून घेतले. जंतू असतील तर वाढावेत, म्हणून प्रत्येक डब्यात उकडलेल्या बटाट्याच्या तीन-तीन चकत्या ठेवल्या. ‘क’ डब्यातल्या चकत्यांवर नव्या टबातलं जेल, ‘ख’मधल्यांवर वाढवलेलं, ‘ग’मधल्यांवर काहीच नाही. झाकणं लावून डबे धान्याच्या कोठीवर ठेवले. दर तासाला झाकण उघडायला निघालेल्या प्रेमला अडवणं, हेच सगळ्यांत अवघड काम होतं!

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी डबे आईसमोर मांडले. कशात काय आहे, ते मुद्दामच सांगितलं नाही.

“आई, तू पारखी हायेस. सांग, यातलं कोणतं जेल तोंडाले लावशील?”

‘ग’मध्ये जेल नव्हतंच. त्यातल्या आणि ‘क’मधल्या चकत्या जरा सुकल्या होत्या, इतकंच. ‘ख’चं झाकण उघडताच आईने नाकाला पदर लावला. तिन्ही चकत्यांवर बुळबुळीत, पिवळे ठिपके!

“फेका हे आधी! कोणाचं जेल हाय हे? असं विकणाऱ्याले तं...”

“तुहंच हाय, आई,” नयन हळूच म्हणाली. “अन् पाणी मीच ओतलं होतं.”

आई पलंगावर बसली. शेजारी चाळीस डब्यांची रास होती. ती रागावेल, असं तिघांना वाटलं. पण तिने फोन उचलला.

“कोकिळाताई, उद्या माल नाही येणार. माह्या हातून चूक झाली.” तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

“बरं झालं आजच सांगितलं,” कोकिळाताई म्हणाल्या. “माह्याकडं नवऱ्या मुली येतात, ताई! पुढच्या महिन्यात नवा माल द्या. पाणी न घालता. पण आधी वीसच डब्या. अन् हे पकडलं कोणी?”

“पोट्ट्यायनं.”

“त्यायले घेऊन या एकदा. मले पाह्याचे हायेत!”

चाळीसच्या वीस झाल्या! नयनला वाईट वाटलं. पण आई पिशवी घेऊन उठलीसुद्धा. विकलेली प्रत्येक डबी परत आणायची होती.

सगळे आधी तांड्यावर गेले. जमनी सकाळीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि तोंडाला दुसरं काहीही लावायचं नाही, असं बजावलं होतं. फोड लग्नापर्यंत सुकतील, असंही सांगितलं होतं. आईने तिथेही चूक कबूल केली. प्रेमचे वडील शंकरसिंग यांनी घरातली डबी आणून आईच्या पिशवीत टाकली.

मग म्हणाले, “ताई, माल विकणारे लय पाह्यले. परत घ्याले येणारी तुमीच पह्यली. अन् हे तिघं तं डॉक्टरच निघाले की!”

प्रेमची छाती एवढी फुगली, की अमरने ती बोटाने टोचून पाहिली!

परतताना आईने विचारलं, “मले सांगाले भेली होती का?”

“हाव.”

“पुढच्या वेळी भेव वाटलं तरी सांगशील?”

नयनने मान हलवली. गावात अजून पाच घरं बाकी होती. पहिल्या दारापाशी आई जराशी थबकली. नयन पुढे झाली आणि तिनेच कडी वाजवली.