एकाच बाबांचे दोन आकडे

एका माणसाचं एका वेळी वजन किती असतं? एकच. उंची? तीही एकच, टाचा उचलून लबाडी केली नाही तर. मग मनवाच्या बाबांच्या रक्तातला प्राणवायू एकाच क्षणी चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याहत्तर, असा दोन-दोन कसा असू शकतो?

हे कोडं मनवापुढे आलं तेव्हा ती खडकमाळ छावणीच्या लष्करी रुग्णालयात, तळमजल्यावर तात्यांच्या खोलीत, डब्यातली उरलेली गार पोळीभाजी संपवत बसली होती. अकरा वर्षांची मनवा शाळा सुटली की रोज तिथेच येई. आई वरच्या मजल्यावर कामात, बाबा दूर डोंगरात. घरी जाऊन काय कुलपाशी गप्पा मारायच्या?

तात्या म्हणजे माणूस नव्हे बरं का. कपाटाएवढा, चाकांवरचा, एक जुना दुभाष्या यंत्रमानव (एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं करून सांगणारं यंत्र). बोलण्याआधी त्यांच्या पोटातला पंखा घरघरे, त्यामुळे प्रत्येक वाक्यापूर्वी तात्या उसासा टाकतात असंच वाटे. काम पाहता टाकतही असतील.

सैन्याची रुग्णालयं देशभर पसरलेली. कुठे वाळवंट, कुठे समुद्र, कुठे बर्फ. ज्याला जेव्हा जमलं तेव्हा त्याने संगणक घेतले आणि आपापल्या पद्धतीने माहिती लिहायला सुरुवात केली. कुणी वजन किलोत लिही, कुणी पौंडांत. कुणी आधी तारीख लिही, कुणी आधी महिना. एका ठिकाणी 'औषधाची ॲलर्जी: नाही' याचा अर्थ खरंच नाही असा होता, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ होता 'विचारलंच नाही'! जवानाची बदली झाली की त्याची माहिती तात्यांकडे येई. तात्या ती सोडवत, निवडत, आणि नव्या रुग्णालयाला कळेल अशी करून पुढे पाठवत.

"तात्या, तुम्ही दमत नाही का हो?" मनवाने एकदा विचारलं होतं.

"मी दमत नाही, मने. मी तापतो. दमते ती तुझी आई."

ते मात्र खरं होतं. मनवाची आई, मेजर माधवी शेलार, 'एकसूत्र' नावाच्या कामाची प्रमुख होती. सगळ्या रुग्णालयांच्या संगणकांना एका रांगेत आणायचं ते काम. कित्येक महिने आई जेवताना डुलक्या काढत होती आणि डुलक्यांमध्ये आकडे बडबडत होती.

"त्यात एवढं काय?" मनवा एका रात्री आमटी वाढून घेत म्हणाली होती. "सगळ्यांची माहिती उचलायची आणि एका मोठ्या संगणकात ओतायची."

"अस्सं? मग असं कर, आपल्या गल्लीतल्या सगळ्यांचे डबे आणून एका फडताळात लाव. एकीने डब्यावर लिहिलंय 'पांढरं', दुसरीने लिहिलंय 'रोजचं', तिसरीने काहीच नाही. आता कर चहा."

मनवाने विचार केला. "चहात मीठ पडेल."

"पडेलच. म्हणून आधी प्रमाणीकरण (सगळ्यांनी एकाच मापात, एकाच अर्थाने लिहिणं), आणि मग एकत्रीकरण (सगळ्यांची माहिती एका ठिकाणी आणून ठेवणं). उलटं केलं तर नुसता पसारा एकत्र होतो."

"आणि ते एक ठिकाण जळलं तर?"

"तीन वेगवेगळ्या शहरांत त्याच्या हुबेहूब प्रती आहेत, बाईसाहेब. आता झोपू द्या मला."

तर आज सकाळी शेवटचं रुग्णालय एकसूत्रात आलं होतं. त्याचं नाव खार्मो. सगळ्यात उंच, सगळ्यात छोटं, चार खाटांचं. मनवाचे बाबा, मेजर डॉक्टर निरंजन शेलार, गेल्याच आठवड्यात तिथे रुजू झाले होते आणि तिथले एकुलते एक डॉक्टर होते. संध्याकाळी तात्या बंद होणार होते. दुभाष्याची आता गरजच उरली नव्हती.

भिंतीवरच्या पडद्यावर बाबा दिसले. तीन स्वेटर, वर टोपी, नाक लाल. बोटाला ऑक्सिमीटर (बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र).

"हे काय, डॉक्टरच पेशंट?" मनवा म्हणाली.

"थोडा... खोकला. दमलोय जरा. आकडा... हिरवा आहे."

"बरं, आपली गाडी सोडा."

ही त्यांची जुनी रीत. आजवरच्या सगळ्या बदल्यांची गावं बाबा एका दमात म्हणत: जोधपूर-अंबाला-तेजपूर-बेळगाव-जामनगर-खडकमाळ! आगगाडीसारखं, मध्ये श्वास न घेता. मनवा जामनगरला पोहोचेपर्यंत धापा टाकी. बाबा कधीच नाही.

"जोधपूर-अंबाला-तेज..." बाबा थांबले. त्यांनी श्वास घेतला. मग नुसतेच हसले. "उद्या हं... मने."

पडदा बंद झाला आणि त्या जागी एकसूत्राचा फलक आला. खार्मो, मेजर शेलार, प्राणवायू चौऱ्याऐंशी, हिरवा. आई म्हणायची, समुद्रकाठी सत्त्याण्णव म्हणजे ठीक, पण खार्मोइतक्या उंचीवर हवाच विरळ, तिथे पंच्याऐंशीच्या आसपास म्हणजे उत्तम. हे तिने फलकाला शिकवलंही होतं. म्हणजे बाबा उत्तमच की.

तेवढ्यात पंखा घरघरला. "खार्मो, मेजर शेलार, चौऱ्याहत्तर," तात्या सवयीने पुटपुटले.

मनवाच्या हातातला घास हातातच राहिला. "चौऱ्याऐंशी, तात्या. फलकावर बघा की."

"फलकाची तार माझ्याकडे नाही. सकाळीच काढली. खार्मोची जुनी लाइन तेवढी काढायची राहिलीय, तिच्यावरून येतंय ते सांगतोय. खार्मोहून येतं चौऱ्याऐंशी. मी सांगतो चौऱ्याहत्तर."

"का पण?"

"नियम आहे. खार्मोच्या प्राणवायूतून दहा वजा करायचे."

"कुणाचा नियम?"

"खालच्या फुप्फुसांच्या डॉक्टरांचा. जुना आहे."

मनवा जिना चढून धावत सुटली.

वरच्या दालनात आई फलकासमोर उभी होती. हातातल्या चहावर साय धरली होती. फलकावर एकच लाल दिवा होता, दूरच्या एका ठाण्यावर पाय मोडलेल्या जवानाचा. डोंगरात वारं उठायच्या आत उडत्या रुग्णवाहिकेची एकच फेरी होणार होती, आणि ती त्याच्याकडे निघायच्या तयारीत होती.

"आई, बाबा तेजपूरलाच थांबले."

आईला गाडी ठाऊक होती. "दमले असतील गं. आपण सगळेच दमलोय."

"आणि तात्या म्हणतात चौऱ्याहत्तर."

"तात्या जुने झालेत, मने. म्हणून तर हे सगळं केलं ना?" आईचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. "बघ, हिरवा आहे."

मनवा हिरव्याकडे बघत राहिली. हिरव्या रंगाचं एक असतं, तो दिसला की खालचा आकडा कुणी वाचत नाही. मनवाने वाचला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा.

"आई, खार्मोचे बाकीचे बघ. पंच्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव. तूच म्हणाली होतीस, तिथे पंच्याऐंशी म्हणजे उत्तम. मग हे सगळे काय समुद्रावर भेळ खात बसलेत?"

आईने चहाचा पेला खाली ठेवला. ठेवताना तो हिंदकळला, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

तिने खार्मोला फोन लावला. उचलला तो नर्सिंग असिस्टंट फडतरेने. "जय हिंद, मॅडम! साहेब पडलेत जरा. म्हणाले, आकडा बरा हाय, उठवू नको."

"फडतरे, ऑक्सिमीटरचं सेटिंग उघडा. काय दिसतंय?"

"थांबा हं... बॅटरी, भाषा... आणि इथं अधिक दहा असं हाय मॅडम. हे काय असतंय? आमी येन्याआधीपासनं हाय वाटतं."

"साहेबांना आत्ता, या क्षणी ऑक्सिजन लावा. नंतर ते अधिक दहा काढा. साहेब नको म्हणाले तरी ऐकायचं नाही. माझा हुकूम आहे म्हणून सांगा."

"तुमचा म्हनल्यावर ऐकतील, मॅडम."

मग तिने ड्युटीवरच्या कर्नलसाहेबांना फोन लावला. मनवाने आईला पुष्कळदा दमलेलं पाहिलं होतं, पण असं ताठ उभं राहून दमलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सर, माझा फलक चुकीचा आहे. खार्मोपुरता तरी नक्की. मेजर शेलारांच्या फुप्फुसांत पाणी होतंय असं दिसतंय. एवढ्या उंचीवर ते होतं. त्यांना खाली आणणं हाच उपाय. पाय मोडलेला जवान फळी बांधून थांबू शकेल, हे नाही थांबू शकणार. होय सर, माझ्या जबाबदारीवर."

रुग्णवाहिका खार्मोकडे निघाली. आता वाट बघण्याखेरीज काही उरलं नव्हतं. मायलेकी खाली तात्यांजवळ येऊन बसल्या. आई जमिनीवरच बसली, तात्यांच्या चाकाला टेकून, मेजर असून.

"तात्या, हे दहा आले कुठून?" तिने विचारलं.

पंखा घरघरला. "पूर्वी खालच्या संगणकांना डोंगर ठाऊक नव्हता, मॅडम. नव्वदच्या खाली गेलं की लाल दिवा. खार्मोत तर धडधाकट माणूसही पंच्याऐंशी. खालून सारखे फोन, 'तुमचे सगळे आजारी का?' कंटाळून तिथल्या कुणीतरी यंत्रातच दहा मिळवून ठेवले. दिवे हिरवे, फोन बंद. पुढे खालच्या फुप्फुसांच्या डॉक्टरांना खरा आकडा हवा झाला, त्यांनी मला दहा वजा करायला सांगितलं. वर मिळवत होते, मी काढत होतो. हिशेब बरोबर बसत होता."

"आणि आज तात्यांना काढलं," मनवा सावकाश म्हणाली, "आणि आईच्या फलकाने उंचीची सूट दिली. पण ती सूट यंत्राने आधीच दिलेली होती. म्हणजे... जसं एकीने भाजीत मीठ घातलं, आणि ते माहीत नसल्यामुळे दुसरीनेही घातलं. सूट दोनदा पडली!"

"दोनदा पडली," आई डोळे मिटून म्हणाली. "आम्ही मापं जुळवली, तारखा जुळवल्या, शब्द जुळवले. सवयी जुळवायच्या राहिल्या. त्या कुठे लिहिलेल्याच नसतात. तात्या, तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"विचारलं नाही कुणी. आणि विचारल्याशिवाय बोलायला मला शिकवलेलं नाही."

"मग आता नियम काय करायचा?" मनवाने विचारलं.

"यंत्र जे मोजेल ते जसंच्या तसं लिहायचं. सोबत जागा आणि उंची लिहायची. आणि सूट द्यायची ती एकदाच, शेवटी, सगळ्यांना दिसेल अशी." आईने एक डोळा उघडला. "एकसारखं लिहायचं म्हणजे सगळ्यांना एकसारखं समजायचं असं नाही. डोंगर डोंगरच राहणार."

मनवाने मनात गाडी सोडून पाहिली. मनवाला जोधपूरच्या पुढचं काही आठवेना. बऱ्याच वेळाने आईचा फोन वाजला. तिने ऐकलं, "होय सर" म्हणाली, फोन मांडीवर ठेवला आणि मनवाच्या केसांत तोंड खुपसून बसून राहिली. मनवाची मान अवघडली. पण ती हलली नाही. आईच्या सैल पडलेल्या खांद्यांवरूनच तिला कळलं होतं की बाबा खाली पोहोचले.

पाय मोडलेल्या जवानाला दुसऱ्या सकाळी वारा पडताच आणलं. त्याने म्हणे रात्रभर रेडिओवर गाण्यांच्या फर्माइशी केल्या.

तात्या काही त्या संध्याकाळी बंद झाले नाहीत. आई आता रोज त्यांच्यासमोर बसते आणि त्यांच्या पोटातला एकेक नियम विचारून काढते: हा का, तो कशासाठी, कुणाच्या सोयीचा? प्रत्येक नियमामागे कुठलं तरी रुग्णालय आणि तिथला कुणीतरी कंटाळलेला माणूस निघतो. तात्या कुरकुरतात, "निवृत्तीच्या दारातही काम सुटत नाही." पण हल्ली त्यांचा पंखा जरा हळू घरघरतो. सांगून टाकलेला नियम त्यांना पुन्हा वाहावा लागत नाही ना!

"सगळे सांगून झाले की काय कराल, तात्या?" मनवाने विचारलं.

"थंड होईन," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढं सुख तिने कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर बाबा आले. एकच स्वेटर, मागे खिडकी, खिडकीत झाड. वरच्या फलकावर त्यांचा आकडा होता त्र्याण्णव, त्यापुढे गावाचं नाव आणि गावाची उंची. आईने फलकाची तार तात्यांना पुन्हा जोडून दिली होती, म्हणून यावेळी मनवाने तात्यांनाही विचारून घेतलं.

"त्र्याण्णव," तात्या म्हणाले. "मी काही केलेलं नाही."

"बाबा, गाडी?"

बाबांनी छाती भरून घेतली. "जोधपूर-अंबाला-तेजपूर-बेळगाव-" इथे त्यांनी एक श्वास घेतला, "-जामनगर-खडकमाळ-खार्मो!"

"मध्ये थांबलात!"

"पाणी भरायला थांबते की नाही गाडी?"

मनवाने जरा विचार केला आणि ते स्थानक मंजूर करून टाकलं.